होडी परत कशी येते? – उत्तर फ्रान्समधल्या कालव्याकाठची सायकलवाट



चौथीच्या वर्गात वाहतुकीचे प्रकार शिकवत होते. जलवाहतुकीवर आल्यावर मुलांना एक चित्र दाखवलं. उत्तर फ्रान्समधला कालवा, त्यात एक लांबलचक मालवाहू होडी आणि काठाच्या वाटेवर सायकलने चाललेलं एक कुटुंब. आई, बाबा आणि दोन लहान मुलं. मी ठोकून दिलं, "कालव्याचं पाणी वाहतं, त्याबरोबर होडी जाते, म्हणून ही वाहतूक स्वस्त पडते."

समोर बसलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग होडी परत कशी येते?"

मला उत्तर आलं नाही. "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं की माझं पहिलं वाक्यच चुकीचं होतं. होडीचा शोध घेता घेता मी त्या सायकलवाल्या कुटुंबापर्यंत पोहोचले, कारण दोघांचं उत्तर एकच निघालं. ते कुटुंब दम न लागता इतकं लांब जाऊ शकतं, याचं कारण होडी आणि तिचं थांबलेलं पाणी हेच आहे. तिकडे सायकल चालवायचा योग मला आलेला नाही, पण नकाशा समोर ठेवून हा प्रवास मुलांबरोबर नक्की करता येतो. आम्ही केला. तोच इथे मांडते आहे.

आपला पाट आणि त्यांचा कालवा

आपल्याकडे कालवा म्हटलं की धरणातून शेताला पाणी नेणारा पाट डोळ्यांसमोर येतो. त्याचं कामच वाहणं आहे. उतार नसला तर शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळणार नाही. म्हणून मीही "वाहतं" असं म्हणून गेले.

उत्तर फ्रान्समधले बहुतेक कालवे होड्यांसाठी खोदलेले आहेत. त्यात पाणी जवळजवळ स्थिर ठेवलेलं असतं. पाणी जोरात वाहिलं तर होडीला एका दिशेने सोपं आणि दुसऱ्या दिशेने अवघड जाईल. स्थिर असलं की जाणं-येणं सारखंच. आमच्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

पण जमीन तर सगळीकडे एका पातळीत नसते. मग कालवा पायऱ्यापायऱ्यांनी बांधतात. एक लांब सपाट टप्पा, मग एक पायरी, मग पुन्हा सपाट टप्पा. या पायरीला लॉक म्हणतात, पुस्तकी मराठीत जलपाश. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना मजबूत दारं असलेली दगडी किंवा काँक्रीटची खोली.

होडी वर चढवायची असेल तर असं करतात :

१. खालचं दार उघडं असतं. होडी आत येते.
२. खालचं दार बंद करतात.
३. वरच्या बाजूची झडप उघडतात. वरचं पाणी आत येतं आणि होडी पाण्याबरोबर वर उचलली जाते.
४. आतली आणि वरची पातळी सारखी झाली की वरचं दार उघडतं. होडी पुढे निघते.

उतरताना हेच उलट क्रमाने. यात पाणी उपसायला पंप लागत नाही. पाणी आपोआप वरून खाली येतं, एवढ्याच नियमावर सगळं चालतं. दारं कशी बसवलेली असतात तेही मुलांना दाखवण्यासारखं आहे. दोन झडपांची दारं सरळ रेषेत न मिटता उंच पाण्याच्या बाजूला टोक करून मिटतात, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी. त्यामुळे पाणी जितकं दाबेल तितकी ती घट्ट बसतात. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत माणसाने कितीही जोर लावला तरी उघडत नाहीत. म्हणजे चूक करायला फारसा वावच नाही.

सगळ्या कालव्यांवर एकाच मापाच्या होड्या जाव्यात म्हणून १८७९ साली फ्रान्सचे बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी लॉकचं किमान माप कायद्याने ठरवलं : लांबी ३९ मीटर, रुंदी ५.२० मीटर. आमच्या शाळेच्या मैदानात आम्ही ३९ मीटर पावलांनी मोजले. मुलांना होडी केवढी ते तेव्हा कळलं.

ही वाट मुळात कोणाची?

आता काठच्या वाटेकडे येऊ. होडीला इंजिन नव्हतं तेव्हा ती ओढत न्यावी लागे. काठावरून घोडे चालायचे, त्यांच्यापासून होडीपर्यंत लांब दोर बांधलेला असायचा. त्यासाठी कालव्याला लागून सलग, रुंद, सपाट वाट ठेवलेली असे. फ्रेंचमध्ये तिला 'ओढण्याची वाट' असंच नाव आहे. पाणी सपाट म्हणून वाट सपाट, आणि वाट सपाट म्हणून आज सायकल सोपी. चढ येतो तो फक्त लॉकपाशी, तोही छोट्या उंचवट्याएवढा.

स्थिर पाण्यात तरंगणारं ओझं ओढायला फार कमी जोर लागतो. रस्त्यावर टन-दोन टनांची गाडी ओढणारा घोडा कालव्यात त्याच्या कितीतरी पट माल असलेली होडी हळूहळू ओढत नेई.

पण घोडा परवडत नसेल तर? मग घरातली माणसंच ओढायची. खांद्यावरून छातीवर रुंद पट्टा घ्यायचा, त्याला दोर बांधायचा आणि पुढे वाकून चालायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातले असे फोटो पाहायला मिळतात. त्यांत बायका आहेत, शाळेच्या वयाची मुलंही आहेत. बाप होडीचं सुकाणू धरतो, आई आणि मुलं ओढतात. होडी हेच घर असल्यामुळे मुलांची शाळा आज या गावात, आठवड्याने दुसऱ्या गावात, म्हणजे खरं तर कुठेच नाही. पुढे अशा मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुलं ज्यांच्या वर्गात आहेत, त्या शिक्षकांना यावर जास्त सांगायला नको.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं गप्प झाली. चित्रातल्या सायकलवरच्या मुलांकडे ती पुन्हा पाहायला लागली. वाट तीच, पण एकेकाळी त्याच वयाचं मूल तिथे दोर ओढत होतं.

सोम नदीच्या काठाने समुद्रापर्यंत

उत्तर फ्रान्समध्ये असे बरेच मार्ग आहेत. बेल्जियमच्या हद्दीकडून सांब्र आणि वाझ नद्यांच्या, कालव्यांच्या काठाने पॅरिसकडे येणारा एक लांब युरोपीय सायकलमार्ग आहे. पॅरिसला पाणी पुरवण्यासाठी नेपोलियनच्या काळात खोदायला घेतलेल्या उर्क कालव्याचा काठही प्रसिद्ध आहे. पण मुलांना समजावायला मी सोम नदीचा मार्ग निवडला, कारण तो एका गावातून निघतो आणि थेट समुद्रावर संपतो. नकाशावर बोट ठेवून जाता येतं.

सोम नदीची लांबी सुमारे २४५ किलोमीटर आहे आणि तिचा उगम समुद्रसपाटीपासून जेमतेम ८५ मीटरवर होतो. भागाकार केला तर एका किलोमीटरला सरासरी ३५ सेंटिमीटर उतार येतो. फूटपट्टीपेक्षा बोटभर-दोन बोटं जास्त! सायकलवर बसलेल्या माणसाला हा उतार जाणवणारच नाही. नदी वळणावळणाची आणि उथळ, म्हणून १७७० साली तिच्याबरोबरीने कालव्याचं काम सुरू झालं, ते १८४३ पर्यंत रखडत चाललं. कुठे कालवा वेगळा खोदला, कुठे नदीचंच पात्र वापरलं. एकूण लांबी १५६ किलोमीटर, लॉक २५. आज हा कालवा सोम जिल्ह्याच्या परिषदेच्या ताब्यात आहे, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्याच संस्थेच्या. सायकलवाटही तिनेच केली. पेरोन गावापासून समुद्रकाठच्या सँ व्हालेरीपर्यंत ती साधारण १२० किलोमीटर भरते.

*पेरोन.* इथे नदी फुगून तिची तळी झाली आहेत. खोऱ्यातली बरीच तळी माणसाने केलेली आहेत. जळणासाठी दलदलीतला पीट, म्हणजे कुजून दबलेल्या वनस्पतींचा थर, कापून काढत. त्या खड्ड्यांत पाणी साठलं. आज तिथे बगळे, बदकं आणि गळ टाकून बसलेली माणसं दिसतात. पेरोनच्या जुन्या किल्ल्यात पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय आहे. १ जुलै १९१६ ला या भागात सोमची लढाई सुरू झाली. पहिल्याच दिवशी एकट्या ब्रिटिश सैन्याचे १९ हजारांहून अधिक सैनिक मेले. लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली. १४ जुलैच्या संध्याकाळी पेरोनच्या वायव्येला लाँगव्हाल गावाजवळ 'डेक्कन हॉर्स' या भारतीय घोडदळाने भाले घेऊन मशिनगनसमोर चढाई केली होती. ज्या पलटणीच्या नावात आपलं दख्खन आहे, ती तिथपर्यंत गेली होती. या खोऱ्यातून सायकल चालवताना एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या दफनभूमी पुन्हा पुन्हा लागतात. सौम्य दिसणारा प्रदेश सौम्यच राहिलेला असतो असं नाही.

*आमियाँ.* हे वाटेतलं मोठं शहर. इथलं कॅथेड्रल १२२० साली बांधायला घेतलं. त्याचं आतलं छत ४२ मीटर उंच आहे, म्हणजे साधारण चौदा मजले. शहराला लागूनच सुमारे ३०० हेक्टरवर पाण्याने वेढलेले भाजीमळे आहेत. मळ्यात जायला रस्ता नाही, सपाट तळाच्या होडीतून जावं लागतं. भाजी बाजारात यायची तीही होडीतूनच.

याच शहरात ज्यूल व्हर्न १८७१ पासून १९०५ मध्ये मृत्यू होईपर्यंत राहिले. भा. रा. भागवतांमुळे त्यांच्या गोष्टी आपल्या दोन-तीन पिढ्यांनी मराठीत वाचल्या. 'ऐंशी दिवसांत जगाची फेरी' ही कादंबरी १८७२-७३ सालची, म्हणजे ते इथे आल्यानंतरची. त्या गोष्टीतला नोकर मुंबईत मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाऊन, बूट तिथेच टाकून पळतो. हा प्रसंग सांगितला की मुलांना आमियाँ लगेच जवळचं वाटतं.

आणखी एक धागा इतिहासाच्या शिक्षकांसाठी. पाठ्यपुस्तकातली दगडी हातकुऱ्हाड आठवते ना? या कुऱ्हाडींच्या संस्कृतीला 'अशूलियन' म्हणतात. ते नाव आमियाँच्या सँ-ताशल या उपनगरावरून पडलं. सोमकाठच्या वाळू-गोट्यांच्या थरांत अशी हत्यारं सापडली आणि माणूस समजलो होतो त्यापेक्षा फार जुना आहे, हे १८५९ च्या सुमारास विद्वानांना मान्य करावं लागलं. आपल्या प्रवरेकाठी नेवाशाला सापडलेल्या हातकुऱ्हाडींनाही हेच नाव लावतात.

*आबव्हील आणि पुढे समुद्र.* आबव्हीलपासून कालवा जवळजवळ पट्टीने आखल्यासारखा सरळ जातो. या खोऱ्याखाली खडूचा दगड आहे, चुनखडीचाच मऊ पांढरा प्रकार. तो स्पंजासारखा पाणी धरतो आणि सावकाश सोडतो. म्हणून सोम नदी उन्हाळ्यातही आटत नाही. पण हाच स्पंज भरून गेला तर? २००१ च्या वसंतात तसंच झालं. जमिनीखालचं पाणी वर आलं आणि आबव्हीलचे सखल भाग कित्येक आठवडे पाण्यात राहिले. पूर फक्त वरून येतो असं आपण शिकवतो, तिथे तो खालून आला होता.

शेवटी सँ व्हालेरी. इथल्या लॉकच्या पलीकडे भरती-ओहोटीची खाडी आहे. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकायला इथूनच निघाला. आज खाडीतल्या वाळूवर सील प्राणी ऊन खात पडलेले असतात आणि खारट गवतावर मेंढ्या चरत असतात.

कुटुंबं हा प्रवास कसा करतात?

दिवसाला ३० किलोमीटर धरले तरी चार दिवसांत समुद्र येतो. शर्यत नसल्यामुळे लोक निवांत जातात. जुन्या लॉक-रखवालदारांच्या काही घरांत आता खाण्यापिण्याची किंवा मुक्कामाची सोय आहे. सायकलवाल्यांचं स्वागत करणाऱ्या मुक्कामांना एक ठरावीक पाटी मिळते. त्यासाठी मुक्काम मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत हवा आणि तिथे सायकल सुरक्षित ठेवायची व दुरुस्तीच्या साहित्याची सोय हवी. दमलं किंवा पाऊस लागला तर आमियाँ-आबव्हील पट्ट्यात रेल्वे जवळच आहे, आणि बहुतेक स्थानिक गाड्यांत सायकल नेता येते.

चढ नाही म्हणजे काहीच त्रास नाही, असं मात्र समजू नका. तिथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. समुद्राकडे जाणाऱ्याला तो तोंडावर बसतो. शिवाय काही टप्प्यांत वाट काठ सोडून गावच्या रस्त्यावर येते, तिथे मोटारी असतात. पाण्याच्या बाजूला सगळीकडे कठडा नाही, त्यामुळे लहान मुलं आतल्या बाजूने आणि मोठं माणूस मागे, हे पथ्य पाळावंच लागतं.

पालकांसाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगते. फ्रान्समध्ये २०१७ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना सायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसलेलं मूल असलं तरी. आणि २०१९ पासून ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी सायकल शिकवण्याचा दहा तासांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचे तीन टप्पे : आधी मैदानात तोल, ब्रेक, वळण, मग बंद जागेत खुणा आणि नियम, आणि शेवटी खऱ्या रस्त्यावर. आपण बहुतेक वेळा पहिला टप्पा गल्लीत उरकतो आणि एकदम तिसऱ्यावर जातो. मधला टप्पा शाळेच्या मैदानात चुन्याच्या रेषा मारून कुणालाही घेता येईल. खर्च फक्त चुन्याचा.

वर्गात करून बघा : सलाइनच्या नळीचं लॉक

साहित्य : प्लॅस्टिकच्या तीन बाटल्या (एक दोन लिटरची उंच, दोन छोट्या), औषधाच्या दुकानातून नवे आणलेले सलाइनचे दोन सेट (सुई काढून टाकायची), एम-सील, जुनी पुस्तकं, कागदी होडी.

कृती : बाटल्यांची वरची बाजू कापून टाका. उंच बाटली मध्ये ठेवा, ती म्हणजे लॉक. एक छोटी बाटली पुस्तकांच्या चळतीवर अशी ठेवा की तिचा तळ उंच बाटलीच्या मध्यावर येईल. हा वरचा कालवा. दुसरी छोटी बाटली जमिनीवर ठेवा, हा खालचा कालवा. तळाशी भोकं पाडून वरची बाटली लॉकला आणि लॉक खालच्या बाटलीला नळीने जोडा. भोकं एम-सीलने बुजवा आणि रात्रभर वाळू द्या. (मी घाई केली, पहिल्या दिवशी सतरंजी भिजली.) दोन्ही चाकं बंद ठेवून तिन्ही बाटल्यांत पाणी भरा, लॉकमध्ये थोडंच. होडी लॉकमध्ये सोडा. आता वरच्या नळीचं चाक उघडा. होडी चढते आणि दोन पातळ्या सारख्या झाल्या की आपोआप थांबते. ते चाक बंद करून खालचं उघडलं की होडी उतरते.

सोबत ही गणितंही द्या :

१. १२० किलोमीटरचा मार्ग, रोज ३० किलोमीटर. किती दिवस लागतील? रोज २४ गेले तर?
२. सायकलचा वेग ताशी १२ किलोमीटर धरला तर ३० किलोमीटरला किती वेळ?
३. एका लॉकला १५ मिनिटं लागतात असं धरू. २५ लॉकना किती तास, किती मिनिटं?
४. एका किलोमीटरला ३५ सेंटिमीटर उतार, तर १० किलोमीटरला किती?

चौथ्या गणिताचं उत्तर साडेतीन मीटर येतं. आमच्या वर्गाच्या छताएवढं. दहा किलोमीटर जाऊन एवढंच उतरायचं, यावर मुलांचा विश्वास बसत नव्हता. पुन्हा पुन्हा गुणाकार करून पाहिला.

प्रयोग झाल्यावर मी त्या मुलीला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं होतं. कालव्याचं पाणी वाहत नसतं, म्हणून होडी परत येते." तिने मान डोलावली, चाक फिरवून होडी पुन्हा एकदा वर चढवली आणि विचारलं, "पण मॅडम, प्रत्येक वेळी वरचं पाणी खाली येतं ना? मग वरचं संपत नाही का?"

या वेळी उत्तर तयार होतं. म्हणूनच कालव्याच्या वरच्या टोकाला नदीचं नाहीतर तलावाचं पाणी सतत सोडावं लागतं, आणि दर होडीमागे एक लॉकभर पाणी खाली जातं. पण मी लगेच सांगितलं नाही. "तू सांग," म्हटलं, आणि तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

तुमच्या वर्गात हा प्रयोग केलात तर मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते जरूर कळवा.